नेपल्समधलं मॅराडोना-दर्शन: चेंडू डाव्या पायालाच हवा

डिएगो मॅराडोना २५ नोव्हेंबर २०२० रोजी अर्जेंटिनात गेला, दफनही तिकडेच ब्यूनोस आयर्सजवळ झालं. पण त्याच्या नावानं डोकं टेकवायला चाहते जातात ते इटलीतल्या नेपल्सला. १९८४ ते १९९१ तो इथं खेळला. त्याच्या आधी दक्षिण इटलीच्या मुख्य भूमीवरच्या एकाही क्लबला लीग जिंकता आली नव्हती. त्याच्या पायावर नापोली या शहराच्या क्लबनं ती दोनदा जिंकली, १९८७ आणि १९९०. मधे १९८९ चा युएफा कप, युरोपातल्या क्लबांचा. उत्तरेकडच्या श्रीमंत क्लबांच्या मैदानांवर नेपल्सच्या लोकांना घाणेरडे म्हणून हिणवलं जायचं, त्यामुळे या तीन कपांचं वजन चांदीपेक्षा बरंच जास्त आहे.

या दर्शनाला एकच एक तिकीटखिडकी नाही, ठरलेला मार्ग नाही. शहरभर विखुरलेल्या जागा आहेत, त्यांच्या भोवती दुकानं आहेत आणि बाजारात असतो तसा अस्सल-नकली माल सरमिसळ आहे. म्हणून इथं कसोटी एकच लावली आहे: त्या जागेला, त्या वस्तूला आपण कुणाची आठवण ठेवतोय हे नीट ठाऊक आहे का? मॅराडोना डाव्या पायाचा. मूर्तीत चेंडू उजव्या पायाशी असेल तर ती मूर्ती कुठल्याही फुटबॉलपटूची झाली.

आधी रस्ता. सकाळी क्वार्तिएरी स्पान्योली, तिथून चालत जुन्या शहरातला बार नीलो, त्याच्या पुढं सान ग्रेगोरिओ आर्मेनोची मूर्तिकारांची गल्ली, आणि दुपारनंतर पियात्सा काव्हूरहून मेट्रोच्या लाइन २ नं स्टेडियम. हा क्रम उलटा केला तर पहिल्या जागी ऐन गर्दीत पोचाल आणि फोटोऐवजी लोकांच्या डोक्यांचं दर्शन घडेल.

क्वार्तिएरी स्पान्योली म्हणजे व्हिया तोलेदोच्या पश्चिमेला चढावर वसलेल्या अरुंद गल्ल्यांचं जाळं. व्हिया एमानुएले दे देओ या गल्लीत एक छोटी मोकळी जागा आहे, तिला आता सगळे लार्गो मॅराडोना म्हणतात. व्हिया तोलेदोवरून सरळ चढून जाता येतं, पण गुडघे कुरकुरत असतील तर लाइन १ च्या तोलेदो स्टेशनवर उतरून मोन्तेकाल्व्हारिओचा जिना धरावा. तो फाटा जमिनीखालून थेट वस्तीत वर काढतो आणि बराचसा चढ वाचतो. सरकते जिने बंद असू शकतात. तसं दिसलं तर मुख्य दारानं बाहेर पडून चालत जाणं सोपं. गल्लीत फूटपाथ नाही. स्कूटर मागून येते, हॉर्न वाजवते आणि तुम्ही बाजूला व्हाल असं धरूनच चालते. फोटो काढताना मागं मागं सरकत जायचं नाही.

समोरच्या इमारतीच्या आंधळ्या भिंतीवर, अनेक मजले उंच, निळ्या जर्सीतला मॅराडोना आहे. १९९० च्या लीग विजयानंतर मारिओ फिलार्दी या तरुणानं तो रंगवला. पुढं भिंतीची दैना झाली. रंग उडाला आणि मुख्य म्हणजे कुणीतरी बरोबर चेहऱ्याच्या जागी खिडकी पाडली. बरीच वर्षं मॅराडोना बिनतोंडाचाच उभा होता. २०१६ मध्ये साल्व्हातोरे इओदिचे यानं चित्र पुन्हा उभं केलं आणि २०१७ मध्ये अर्जेंटिनाच्या फ्रान्सिस्को बोसोलेत्ती यानं चेहरा नव्यानं काढला. खिडकी मात्र तिथंच राहिली, त्यामुळे चेहरा आता खिडकीच्या झडपांवर आहे. झडपा मिटलेल्या असतील तर मॅराडोना पूर्ण दिसतो. उघडल्या तर तोंडाच्या जागी अंधार. आतल्या माणसालाही वारा-उजेड लागतोच की, त्यामुळे यावर तक्रार करण्यात अर्थ नाही. थांबायची तयारी ठेवा.

या जागेचं बलस्थान असं की ती संग्रहालयाच्या शिस्तीत बसवलेली नाही. मरणाच्या बातमीच्या रात्री कोरोनाची टाळेबंदी असूनही लोक इथं उतरले, मेणबत्त्या लावल्या, आणि तेव्हापासून भिंतीखालचा ढीग वाढतच गेला: स्कार्फ, झेंडे, जर्सी, चिठ्ठ्या, फोटो, कुठल्या कुठल्या देशांच्या क्लबांचे बिल्ले. नीट पाहिलं तर प्रतिस्पर्धी क्लबांचे स्कार्फही सापडतात, आणि तेच बघण्यासारखं आहे. उणी बाजू: भोवतीचे ठेले आणि पेयांची दुकानं इतकी दाटली आहेत की सकाळी अकरानंतर ही जागा स्मारकाची कमी आणि जत्रेची जास्त वाटते. आत यायला पैसे नाहीत. कुणी ‘फोटोचे पैसे’ म्हणालं तर हसून पुढं जावं.

आता जर्सी. इथल्या ठेल्यांवर सर्वाधिक खपणारी वस्तू हीच आणि सर्वाधिक चुकाही हिच्यातच. छातीवरचा प्रायोजक बघितला की काळ कळतो. चिरिओ म्हणजे १९८४-८५, त्याचा पहिला मोसम. बुइटोनी म्हणजे १९८५ ते १९८८. मार्स म्हणजे १९८८ ते १९९१. दुसरी खूण छातीवरच्या तिरंगी ढालीची, तिला स्कुदेत्तो म्हणतात. ही ढाल लीग जिंकलेला संघ पुढच्या मोसमात लावतो, जिंकतो त्या मोसमात नाही. इथंच निम्मी गिऱ्हाइकं फसतात. १९८७ ची ती ऐतिहासिक जर्सी हवी असेल तर बुइटोनी असलेली, पण ढाल नसलेली घ्यायची. बुइटोनी आणि ढाल एकत्र दिसली तर ती १९८७-८८ ची. त्या वर्षी शेजारी इटालियन कपाचा गोल तिरंगी बिल्लाही होता, कारण १९८७ मध्ये दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या. मार्स आणि ढाल म्हणजे १९९०-९१, म्हणजे त्याचा शेवटचा मोसम. चिरिओवर ढाल शिवलेली दिसली तर विक्रेत्याशी वाद घालू नका, फक्त घेऊ नका.

तिसरी चूक पाठीवर. ठेल्यावरच्या जवळजवळ प्रत्येक जर्सीवर त्याच्या १० या नंबराच्या वर मोठ्या अक्षरांत मॅराडोना लिहिलेलं असतं. त्या काळात इटालियन लीगमध्ये पाठीवर नावं नव्हतीच. ती आली १९९५-९६ पासून, म्हणजे तो नेपल्स सोडून गेल्यावर चार वर्षांनी. अस्सल वाटणारी जर्सी हवी तर पाठीवर नुसता १० हवा. बनवणारी कंपनी १९८५ पासून एनआर, तिचं चिन्ह छातीवर असायला हवं. त्या जागी आजच्या एखाद्या कंपनीचं चिन्ह असेल तर ते नुसतं कापड समजा. अर्थात मुलाला घालायला घेताय तर नाव असलेलीच घ्या, ते पोर खूश होईल. इतिहासाचा आग्रह मोठ्यांपुरता.

ठेल्यांवरचं कापड बहुतेक पातळ पॉलिएस्टर. घेण्याआधी दोन गोष्टी करा. प्रायोजकाच्या नावावर दोन्ही अंगठे ठेवून कापड हळूच ताणा. केसाएवढ्या भेगा दिसल्या तर छपाई चार धुण्यांत सोलून निघणार. मग आतून १० च्या कडा चाचपा. चिकटवलेला आकडा कोपऱ्यातूनच उचलायला लागतो. घरी उलटी करून, ३० अंशांच्या वर न जाता धुवा आणि छपाईवर इस्त्री फिरवू नका. इटालियन मापं अंगासरशी असतात, सैल आवडत असेल तर एक माप वरचं घ्यावं.

मृत्यूनंतर क्लबनं स्वतः काढलेल्या जर्सींचा किस्सा वेगळा. २६ नोव्हेंबर २०२० ला क्रोएशियाच्या रिएका क्लबाविरुद्ध नापोलीचे सगळे खेळाडू पाठीवर १० आणि त्याचं नाव घेऊन रिकाम्या मैदानात आले. दहा नंबर क्लबनं २००० साली निवृत्त केलेला, म्हणजे पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलेला, त्यामुळे अकरा दहा एका रांगेत बघताना भल्याभल्यांचे डोळे भरले. तीन दिवसांनी रोमाविरुद्ध अर्जेंटिनाच्या धर्तीची उभ्या पट्ट्यांची जर्सी आली, कर्णधार इन्सिन्येनं फ्री किकवर गोल मारून मॅराडोनाची जर्सी उचलून धरली, आणि सामना ४-० नं जिंकला. ही पट्ट्यांची जर्सी संग्रहासाठी सर्वांत चांगली, कारण तिला ठरावीक तारीख आणि सामना आहे. पण नक्कलही हिचीच भरपूर होते. कॉलरच्या आतलं लेबल, शिवणीतली धुण्याच्या सूचनांची पट्टी आणि बनवणाऱ्या काप्पा कंपनीचं चिन्ह तपासा.

स्कार्फ घेताना उलटी बाजू बघा. विणलेल्या स्कार्फात दोन्ही बाजूंना अक्षरं सूत म्हणून हाताला लागतात. छापलेल्यात मागची बाजू पांढुरकी आणि गुळगुळीत असते, आणि पावसात भिजला की निळा रंग पांढऱ्यावर उतरतो. पैसे विणलेल्यालाच द्यावेत.

बार नीलो जुन्या शहरात, व्हिया सान बियाज्जो देई लिब्राई वर, नाईल नदीच्या देवाच्या पुतळ्यासमोर. लहानसा कॉफीबार आहे. भिंतीवर एक छोटं देव्हाऱ्यासारखं प्रकरण आणि त्यात मॅराडोनाचा एक केस. गोष्ट अशी की संघ मिलानहून परतत असताना बारचा मालक त्याच विमानात होता आणि सीटच्या टेकूवर राहिलेला केस त्यानं उचलून आणला. जोडीला एक छोटी बाटली, १९९१ मधले नेपल्सचे अश्रू म्हणून. १९९१ का, हे ठाऊक असलं तरच ती बाटली कळते: १७ मार्च १९९१ च्या बारीविरुद्धच्या सामन्यानंतरच्या चाचणीत कोकेन सापडलं, १५ महिन्यांची बंदी आली आणि तो शहर सोडून गेला. शहरातल्या बहुतेक स्मारकांनी ही बाजू गुंडाळून ठेवली आहे. इथं ती निदान बाटलीत भरून ठेवली आहे, विनोदानं का होईना.

शिष्टाचार साधा: फोटो काढायचा तर आधी काहीतरी घ्यायचं. तशी सूचनाच लावलेली असते, आणि ती रास्त आहे. नेपल्सच्या गजबजलेल्या बारमध्ये सहसा आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग ती काउंटरवर ठेवायची. कॉफीच्या आधी पाण्याचा पेला येतो, तो आधीच प्यायचा असतो, तोंड स्वच्छ व्हावं म्हणून. कॉफी दोन-तीन घोटांची आणि उभ्यानंच. कपाला बोट लावताना जपा, इथं कप गरम पाण्यात ठेवलेले असतात. देव्हारा काचेमागं असल्यानं फ्लॅश मारला तर केस दिसत नाही, नुसता पांढरा ठिपका येतो. फ्लॅश बंद करून थोडं तिरकं उभं राहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण या सगळ्या फेरीत शहराचा स्वभाव सर्वांत नेमका इथंच सापडतो.

तिथून काही पावलांवर सान ग्रेगोरिओ आर्मेनो. ख्रिसमसच्या देखाव्यातल्या मूर्ती करणाऱ्यांची ही गल्ली. मूर्तींना इथं सरसकट पास्तोरी, म्हणजे मेंढपाळ म्हणतात, मग तो राजा असो की फुटबॉलपटू. मॅराडोना इथं त्याच्या हयातीतच देखाव्यात घुसला होता. मेल्यावर त्याला पंख आणि प्रभावळ आली. वर्षभर दुकानं उघडी असतात, पण नोव्हेंबर-डिसेंबरात गल्लीत श्वास घेणं मुश्किल. निवांत घ्यायचं असेल तर जानेवारीनंतर या.

माल तीन प्रकारचा. पहिला साच्यातला रेझिन किंवा प्लास्टिकचा, हलका, बाजूनं साच्याची रेघ दिसते. दुसरा पूर्ण भाजक्या मातीचा, हातानं रंगवलेला. तिसरा जुन्या नेपोलिटन पद्धतीचा: डोकं, हात आणि पाय मातीचे, आतलं अंग तारेवर ताग गुंडाळून केलेलं आणि वर खरे कापडी कपडे. तिसरा महाग, पण त्याचे हातपाय वाकवून बसवता येतात आणि जर्सी खरोखर शिवलेली असते. ओळखायचं कसं? मूर्ती उलटी करून बूड बघा: मातीचं बूड खरखरीत आणि तांबूस असतं, रेझिनचं गुळगुळीत. नखानं हलकेच टिचकी मारली तर भाजकी माती खणखणते, रेझिन ठक्क वाजतं.

मग चेहऱ्याआधी पाय बघा. चेंडू डाव्या पायाला हवा. कर्णधाराची पट्टी डाव्या दंडावर, मोजे अर्धवट घसरलेले चालतील, बूट पुमाचे. साच्याचा माल करताना कधी कधी कुठल्याही दुसऱ्या खेळाडूच्या धडावर कुरळ्या केसांचं डोकं बसवलेलं असतं, आणि मग चेंडू उजवीकडं जातो. मातीच्या मूर्ती तुटतात तीन जागी: घोटा, मनगट आणि चेंडू जिथं पायाला चिकटवलाय तो सांधा. घेतानाच या तीन जागांवरचा रंग बघा. बारीक रेघ किंवा जरा वेगळी छटा दिसली तर मूर्ती आधीच एकदा तुटून जोडलेली आहे. दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, ते पुरेसं नाही. पायांमधली पोकळी आधी कापसानं किंवा मोज्यानं भरा, मग सगळं गुंडाळा. पोकळी रिकामी राहिली तर बाहेरचा दाब घोट्यावर येतो आणि बॅग उघडल्यावर चेंडू एकीकडं, पाऊल दुसरीकडं. मूर्ती हातातल्या बॅगेतच घ्या.

स्टेडियमसाठी लाइन २ नं काम्पी फ्लेग्रेई स्टेशन. बाहेर पडून चौक ओलांडला की समोर. सान पाओलो हे नाव जाऊन डिसेंबर २०२० मध्ये त्याला मॅराडोनाचं नाव मिळालं. सामना नसेल तर खरं सांगायचं तर इथं फारसं काही नाही: काँक्रीट, बंद दारं, भिंतींवरची चित्रं. ज्या कुंपणावर २०२० मध्ये स्कार्फ आणि मेणबत्त्यांची भिंत उभी राहिली होती ते बघायचं असेल तरच अर्धा तास द्या. सामना असेल तर गोष्ट निराळी. तिकीट नावावर निघतं, त्यावरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. मधलं नाव गाळलं म्हणून दारात अडकायला होतं. पासपोर्ट मूळ जवळ हवा, फोनमधला फोटो चालेलच असं नाही. मैदानाभोवती धावपट्टी असल्यानं खालच्या रांगा लांबही आणि बसक्याही. वरची जागा मिळाली तर ती घ्या.

त्याच लाइन २ ला उलट्या टोकाला सान जोव्हान्नी-बार्रा. तिथून पुढं तावेर्ना देल फेर्रो या वसाहतीत योरित या चित्रकारानं २०१७ मध्ये काढलेला पांढऱ्या दाढीचा, थकलेला मॅराडोना आहे. गालांवर लाल पट्टे, ही योरितची नेहमीची खूण. चित्र म्हणून ते क्वार्तिएरीतल्यापेक्षा कितीतरी सरस आहे. तिथं देव आहे, इथं म्हातारा होत चाललेला माणूस. पण ही लोकांची राहती वस्ती आहे, गरीब आहे, पर्यटनाची सोय काही नाही. दिवसा जा, खिडक्यांकडं कॅमेरा रोखू नका. गाडीत चढताना शेवटच्या स्टेशनाची पाटी वाचा. लाइन २ ची प्रत्येक गाडी तिथवर जातेच असं नाही.

वेळ आणि चिकाटी दोन्ही असतील तर सेकोंदिल्यानोमध्ये सान पाओलोच्या जुन्या रखवालदाराच्या कुटुंबानं इमारतीच्या तळघरात जपलेला बूट-जर्सींचा संग्रह आहे. आधी विचारून, वेळ ठरवूनच जायचं.

तारखा दोन: ३० ऑक्टोबर जन्माची, २५ नोव्हेंबर मृत्यूची. दोन्ही दिवशी लार्गो मॅराडोना तुडुंब भरतो. गाणी ऐकायची असतील तर संध्याकाळी जा, भिंत बघायची असेल तर आदल्या दिवशी सकाळी. काही वाहायचं असेल तर नोव्हेंबरात नेपल्सला पाऊस असतो हे धरून चाला. शाईपेनानं लिहिलेली चिठ्ठी दोन दिवसांत निळा डाग होते. पेन्सिलीनं लिहा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि पाकिटाचं तोंड खाली ठेवा. स्कार्फ गाठ मारून नको, वाऱ्यानं सुटतो. प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांनी दोन्ही टोकं कठड्याला आवळा. चित्राच्या भिंतीवर टेप अजिबात लावायची नाही. ती ओल्या गिलाव्यावर टिकत नाही, आणि निघताना रंगाचा पापुद्रा घेऊनच निघते.